मळ्यात कोण गेलं? : पंडिता रमाबाई आणि देवाचं आज्ञापालन



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडे मी लहानपणी शब्बाथशाळेत पवित्र शास्त्राचे पाठ घेतले. वचन बिनचूक म्हणून दाखवलं तरी ते शाबासकी देत नसत. "मग यातलं करणार काय?" एवढंच विचारत. आजचा विषय निवडताना तो प्रश्न मनात होता.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात प्रभू येशूनं सांगितलेली दोन मुलांची गोष्ट आपल्या सर्वांना माहीत आहे. बाप एका मुलाला म्हणतो, आज द्राक्षमळ्यात जाऊन काम कर. तो सरळ नाही म्हणतो, पण मागून पस्तावतो आणि जातो. दुसरा मोठ्या अदबीनं होकार देतो आणि जात नाही. ही गोष्ट येशू कोणाला सांगतो, हे आपण वाचताना बरेचदा सोडून देतो. ऐकणारे जकातदार नव्हते, की रस्त्यावरचे लोक नव्हते. ते मंदिरातले मुख्य याजक आणि लोकांचे वडील होते. ज्यांचं सारं आयुष्य 'होय प्रभू' म्हणण्यात गेलं होतं, असे लोक. जकातदार आणि वेश्या तुमच्या आधी देवाच्या राज्यात जातात, हे त्यांना तोंडावर सांगितलं गेलं.

पहिल्या मुलाच्या नकाराचं येशूनं कौतुक केलेलं नाही. पण तो मुलगा खोटं बोलला नाही, एवढं खरं. बापाची आज्ञा त्यानं ऐकली, ती त्याला जड वाटली, आणि जड वाटते हे त्यानं लपवलं नाही. म्हणूनच पुढं विचार करायला आणि पश्चात्ताप करायला त्याच्यापाशी जागा उरली. दुसऱ्यानं ती जागाच ठेवली नाही. त्याच्या लेखी 'होय' म्हटलं तिथंच काम संपलं होतं.

आपण ख्रिस्ती लोक बहुतेक दुसऱ्या मुलाच्या घरात जन्मलेले आहोत. तान्हेपणी आपला बाप्तिस्मा झाला, समज येण्याआधी आपल्या वतीनं कोणीतरी होकार दिला. पुढं दर रविवारी आपण तो गाऊन, उभं राहून, डोळे मिटून देत आलो. त्यात वाईट काही नाही. पण मनापासूनचं आज्ञापालन काय असतं हे समजून घ्यायचं, तर ज्या माणसाला 'नाही' म्हणता येत होतं अशा माणसाकडे बघावं लागतं. आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत असं सर्वांत मोठं माणूस मला पंडिता रमाबाई वाटतात.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे विद्वान. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवायचं या एका आग्रहापायी त्यांनी समाजाचा रोष पत्करला. हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पुराणं सांगत फिरे. 1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळानं त्यांना गाठलं. जवळ होतं नव्हतं ते दानधर्मात, व्रतांत गेलं होतं. आधी वडील गेले, मागोमाग आई, पुढं बहीण. मरण्याआधी वडिलांनी धाकट्या लेकीला जवळ घेऊन सांगितलं, की तुला मी देवाच्या हाती सोपवलं आहे, तू जन्मभर त्याचीच सेवा कर. रमाबाईंनी हा प्रसंग पुढं स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवला आहे. त्यांच्या आज्ञापालनाचा विचार करताना मी बाप्तिस्म्यापासून सुरुवात करत नाही ती यामुळं. देवाची सेवा करायची ही गोष्ट त्यांना एका भुकेल्या, धर्मनिष्ठ हिंदू पित्यानं सांगितली होती. ख्रिस्ताकडे येताना हा वारसा त्यांनी टाकून दिला नाही.

1883 साली त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकशास्त्र शिकायला. तोवर कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं होतं, बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं होतं, दोन वर्षांच्या आत वैधव्य आलं होतं, पुण्यात आर्य महिला समाज स्थापन झाला होता, आणि कडेवर लेक मनोरमा होती. इंग्लंडमध्ये गेल्यावर कळलं की ऐकू कमी येत असल्यामुळं डॉक्टर होता येणार नाही. ज्या कामासाठी समुद्र ओलांडला तेच दार बंद झालं.

त्या वाँटेज इथल्या सेंट मेरीच्या भगिनींकडे राहत होत्या. या भगिनींनी लंडनजवळ फुलहॅम इथं चालवलेला आश्रम त्यांना दाखवण्यात आला. समाजानं 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांना तिथं ठेवून घेत, त्यांची शुश्रूषा करत, त्यांना पुन्हा उभं करत. शास्त्रं कोळून प्यालेल्या रमाबाईंनी असं काही कधी पाहिलं नव्हतं. हे का करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका भगिनीनं त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाई वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, पाच नवरे झालेली, परजातीची बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा ख्रिस्त. 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी आणि मनोरमेनं बाप्तिस्मा घेतला.

खरी कसोटी यानंतर लागली. त्यांच्या आध्यात्मिक देखभालीची जबाबदारी सिस्टर जेराल्डीन यांच्याकडे होती. मनोरमा त्यांना आजीबाई म्हणे आणि पत्रांतून रमाबाईही त्यांना तसंच संबोधत. जीव लावणाऱ्या या दोन बायका कित्येक वर्षं पत्रांतून एकमेकींशी भांडल्या. चर्चनं शिकवलेलं सारं मत रमाबाईंनी नम्रपणे स्वीकारावं, अशी जेराल्डीन यांची अपेक्षा होती. त्रैक्याचा सिद्धान्त रमाबाईंना चटकन पटेना, आणि जे पटलं नाही ते पटलं असं म्हणायला त्या तयार नव्हत्या. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी तसं करू नये असा सल्ला दिला. रमाबाईंनी तो मुकाट्यानं घेतला नाही. त्या मांसाहार करत नव्हत्या, अंडी घातलेला पदार्थही खात नव्हत्या. हा जातीचा उरलेला अभिमान आहे, असं जेराल्डीन यांना वाटे. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, मला आणि माझ्या लोकांना कळेल असं संस्कृत का नको, असाही रमाबाईंचा सवाल होता.

सगळ्या पत्रांचा रोख एकच आहे. देवाची आज्ञा मी पाळीन. पण ती देवाची आहे हे मला शास्त्रात वाचून, माझ्या विवेकाला साक्ष ठेवून कळलं पाहिजे. पाळक किंवा बिशप सांगतो एवढ्यानं ती देवाची होत नाही. प्रेषितांची कृत्ये वाचणाऱ्याला हे नवं नाही. यरुशलेमच्या सभेपुढं उभा राहून पेत्र हेच म्हणाला होता, की माणसांपेक्षा देवाचं ऐकणं आम्हाला भाग आहे.

जेराल्डीन यांच्याविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. रमाबाईंची ही पत्रं त्यांनीच जपून ठेवली, स्वतःला खोडून काढणारीसुद्धा. 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं तो पत्रव्यवहार प्रसिद्ध केला, आणि म्हणून आज आपण तो वाचू शकतो.

आता कोणी म्हणेल, हा तर हट्ट झाला. आपल्या मनाला येईल ते करायचं आणि त्याला देवाची आज्ञा म्हणायचं! हा आक्षेप खोटा नाही. जेराल्डीन यांनीही रमाबाईंवर गर्वाचा आरोप केलाच होता. हट्ट आणि आज्ञापालन सुरुवातीला ओळखू येत नाहीत, दोन्ही सारखेच ताठ दिसतात. फरक पुढच्या वर्षांत दिसतो. हट्टी माणूस आपली सोय वाचवतो, आणि आज्ञा पाळणाऱ्याची सोय सर्वांत आधी जाते. बिशपांपुढं न वाकलेली ही बाई पुढं कोणापुढं वाकली, ते पाहिलं म्हणजे उत्तर मिळतं.

इंग्लंडहून पुढं अमेरिकेला गेलेल्या रमाबाई परत आल्या आणि 1889 च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. पैसा बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा होता आणि संस्था उच्चवर्णीय विधवांसाठी होती. सदनात कोणाच्या धर्मात ढवळाढवळ करायची नाही असं ठरलेलं होतं. सोवळंओवळं पाळण्याची मुभा होती. या काळात रमाबाईंच्या आत एक गोष्ट घडली. ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला आहे, पण ख्रिस्त मिळालेला नाही, असं त्यांना जाणवू लागलं. आठ वर्षं आपण मतं पारखत, नियम पाळत आलो. तारण मात्र आपल्या कमाईचं नाही, ते कृपेनं दिलेलं आहे, हे 1891 च्या सुमारास त्यांना उमगलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. लहानपणी त्यांनी आपल्या घरात व्रतांचा आणि दानांचा शेवट उपासमारीत झालेला पाहिला होता. देवाशी सौदा करून काही मिळत नाही हे त्या जाणून होत्या. पण सौदा सोडल्यावर आज्ञा कशासाठी पाळायची, हे त्यांना आता कळलं. मुक्त झालेल्याची ती कृतज्ञता होती. पौल रोमकरांस पत्रात विश्वास आणि आज्ञापालन एका दमात बोलतो, ते याच अर्थानं.

1893 मध्ये पुण्यात वादळ झालं. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करत, तेव्हा दार उघडं असे आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. 'केसरी'नं झोड उठवली, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे लोक बाहेर पडले. हे लोक धर्मवेडे नव्हते. रमाबाईंचे हितचिंतक होते. पालकांच्या विश्वासाचा प्रश्न त्यांच्यापुढं होता आणि तो खरा होता. रमाबाईंनी एवढंच करायचं होतं की दार लोटून घ्यायचं. त्यांनी ते लोटलं नाही. मी कोणाला बोलावत नाही, आणि स्वतःच्या घरात देवाचं नाव चोरून घेणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. सदन नुकसानीत गेलं, पण दार उघडं राहिलं. त्याच वर्षी 11 मार्चला सदनातली विद्यार्थिनी गोदूबाई जोशी यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. त्या हिंदूच राहिल्या, आणि रमाबाईंविषयी त्यांचा आदरही राहिला.

यानंतर 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून भुकेल्या बायकामुलींच्या बातम्या येऊ लागल्या. रमाबाईंकडे पैसा नव्हता आणि होता तो उच्चवर्णीय विधवांसाठी बांधलेला होता. हे त्यांचं काम नव्हतं, असं म्हणायला सर्व कागदपत्रं त्यांच्या बाजूला होती. त्या गेल्या. मदत छावण्यांत त्यांनी जे पाहिलं ते त्यांच्या ओळखीचं होतं; वीस-बावीस वर्षांपूर्वी आपणही अशाच रस्त्यावर होतो, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. शेकडो मुली त्यांनी बरोबर आणल्या. जात विचारली नाही. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, इतक्या मुली शहरात ठेवायला परवानगी मिळेना. म्हणून दौंडच्या रेल्वेमार्गावर केडगावला घेतलेल्या जमिनीवर त्यांना नेलं. सुरुवातीला निवारा तट्ट्यांचा आणि गवताचा होता. तिथं मुक्ती ही त्यांची संस्था उभी राहिली. गुजरातच्या 1900 च्या दुष्काळानंतर तिथली माणसं दोन हजारांच्या घरात गेली.

शारदा सदनात ज्या बाईंना सोवळ्याची सोय ठेवावी लागली होती, त्यांच्याच हातून मुक्तीत सगळ्या जातींच्या मुली एका ओळीत जेवायला बसल्या. अनंतशास्त्र्यांची ही लेक, जिला अंड्याचा पदार्थ चालत नव्हता, ती आता उवा झालेल्या, खरजेनं भरलेल्या पोरींना न्हाऊ घालत होती. गर्वाच्या आरोपाला मी यापरतं उत्तर देऊ शकत नाही.

मुक्तीबद्दल बोलताना 1905 च्या आत्मिक जागृतीबद्दल पुष्कळ बोललं जातं. ती घडलीच, आणि तिचं महत्त्व आहे. पण मला मुक्तीतला रोजचा दिवस अधिक बोलतो. दोन हजार माणसांचं पीठ, पाणी, कपडे. विहिरी खोदणं. तेलाचा घाणा, माग, छापखाना. अंध मुलींसाठी बार्तीमी सदन; मनोरमा अमेरिकेत ब्रेल शिकून आली आणि तिनं तिथं ती शिकवली. म्हाताऱ्या आणि पंगू बायकांसाठी प्रीती सदन. फुलहॅमला जे पाहिलं होतं, ते कृपा सदन या नावानं केडगावच्या माळावर सुरू झालं. देवाची आज्ञा बहुतेकदा अशीच असते. ती एकदा ऐकू येते, आणि मग वीस वर्षं रोज सकाळी उठून पीठ मोजावं लागतं.

पंचेचाळिशी उलटल्यावर रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं, कारण पवित्र शास्त्र साध्या बाईला कळेल अशा मराठीत यावं असं त्यांना वाटत होतं. प्रचलित भाषांतर त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटे. ही तक्रार संस्कृतच्या पंडितेची होती, हे ध्यानात घ्या. सबंध बायबलाचं भाषांतर त्यांनी एकहाती केलं, आणि मुक्तीच्या मुलींनी त्याचे खिळे जुळवले, पानं छापली. ऐकू येणं कमी कमी होत गेलं, तब्येत खालावली. 24 जुलै 1921 ला मनोरमा गेली, एकुलती एक लेक, जिच्या हाती काम सोपवायचं होतं ती. त्यानंतरही मुद्रितं तपासणं चालू होतं. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. काम हातावेगळं झालं होतं. छापील बायबल 1924 मध्ये बाहेर पडलं, ते त्यांनी पाहिलं नाही.

हे सांगताना मला लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नवरा गेला म्हणून लक्ष्मीबाई मागोमाग गेल्या नाहीत. रडल्या, वेगळ्या राहिल्या, आपल्या परीनं विचार करत राहिल्या. जात ही देवानं केलेली नाही, हे त्यांचं त्यांना कळलं तेव्हा त्यांनी आधी कोणाच्याही हातचं पाणी प्यायला सुरुवात केली, आणि बाप्तिस्मा पाचेक वर्षांनी घेतला. 'स्मृतिचित्रे'त हे सारं आहे. आधी आज्ञा पाळली, विधी मागून झाला. टिळकांनीही 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला आणि देवाचा दरबार काढला.

गेथशेमानेत स्वतः प्रभूनं आधी काय मागितलं ते आठवा. हा प्याला टळावा, असं त्यानं पित्याजवळ बोलून दाखवलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ख्रिस्तानंही आज्ञा पाळताना आपलं दुःख दाबून ठेवलं नाही. म्हणून मंडळीत कोणी शंका विचारली, कोणी सून किंवा तरुण मुलगी 'हे मला पटत नाही' म्हणाली, की 'आज्ञाधारक राहा' एवढं सांगून तिला गप्प करणं मला धोक्याचं वाटतं. घरातल्या मारहाणीबद्दल तोंड उघडणाऱ्या बाईला शास्त्रवचन दाखवून परत पाठवणारा पाळक देवाचं आज्ञापालन शिकवत नाही. तो देवाच्या जागी स्वतः बसतो. असं जिथं होत असेल तिथं त्याला नाही म्हणणं हेच आज्ञापालन आहे.

आणि दुसऱ्या मुलाचं म्हणाल, तर तो आपल्यात भरपूर आहे. एका भाकरीचे सहभागी म्हणून आपण पवित्र सहभागिता घेतो, आणि लग्नाच्या जाहिरातीत पूर्वाश्रमीची जात लिहितो. रमाबाईंनी एका दुष्काळात जे मोडलं ते आपल्याला एवढ्या पिढ्यांत मोडता आलेलं नाही. मंडळ्यांच्या मालमत्तेवरून आपले आपल्याशीच खटले चालतात, वकिलांच्या फिया दानपेटीतून जातात. दोन्ही पक्ष सकाळी एकाच गीतपुस्तकातून गातात आणि एकमेकांकडे न पाहता घरी जातात.

यावर मोठ्या ठरावाची गरज नाही. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूनं अगदी नेमकं सांगितलं आहे: अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे तुला आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. इथं बसलेल्या प्रत्येकाला असं एक नाव आठवत असेल. मला आठवतं आहे. येत्या रविवारी उपासनेला निघण्याआधी त्या माणसाच्या घरी जा. उपासनेला उशीर झाला तरी चालेल.